चार हजार तीनशे अठरा

लोटलीत, आल्झिराच्या घरामागे,
सोडणांच्या ढिगाला टेकून अकरा वर्षं उभी होती.
मारुती. घेतली तेव्हा पांढरी,
आता चिऱ्याच्या धुळीने कुठल्याच रंगाची नाही.
काटा चार हजार तीनशे अठरावर.

मागे फिरवला असेल, मी म्हटलं.
आल्झिरा रागावली नाही. तिने हिशेब दिला:
मडगावचा बाजार, वास्कोला भाचीचं लग्न,
एकदा म्हापसा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे,
आणि तिसरा हिस्सा दाभोळीचा विमानतळ.
ज्योकी बोटीवर स्वयंपाकी होता.
जाताना तो चालवायचा.
येताना मी.

पुढे विचारलं नाही. पैसे मोजले.

शाणू मेस्त दुर्भाटहून आला, फेरीने,
पिशवीत पाने, तेलाचा डबा
आणि बायकोला न विचारता आणलेला चमचा.
चावी त्याने मागितलीच नाही.
'आल्या आल्या चावी फिरवतो
तो इंजिन मारतो,' एवढंच बोलला आणि बॉनेट उघडलं.
एअर फिल्टरात उंदरांचा संसार:
काथ्या, काजूची टरफलं,
कुठल्याशा कॅलेंडरचा कुरतडलेला मे महिना.
टाकीतल्या पेट्रोलला वार्निशाचा वास.
टायर जमिनीला टेकले होते तिथे चपटे,
म्हशीच्या गुडघ्यांसारखे.
तीन प्लग काढले,
तीन भोकांत तीन चमचे तेल,
तोंड फिरवणाऱ्या पोरांना काढा पाजावा तसं.
मग हात पुसले. 'आता उद्या.'

उद्या त्याने पुलीच्या नटावर पाना बसवला
आणि म्हणाला, तुम्ही फिरवा, टीचर.
मी?
मी सव्विसाव्या वर्षी लायसन्स काढलं,
मुदत संपली तेव्हा नवं केलं,
फोटोत केस पिकले,
गाडी काही चालवली नाही.
पाना हलेना.
मग हलल्यासारखा वाटला.
मग आत, खूप आत,
काहीतरी जागेवरून उठलं. आवाज झाला नाही,
मनगटात कळलं.
'धरलेलं नाही,' शाणू म्हणाला, 'नशीब.'
कुणाचं ते बोलला नाही.

बुधवार ते शनिवार नुसते ब्रेक.
ड्रमला चिकटलेले; हातोडीने सुटले नाहीत,
शिव्यांनी सुटले.
शिव्या देऊन झाल्यावर तो आल्झिराची माफी मागून आला
आणि येताना भजी घेऊन आला.

रविवारी सुरू झाली.
एवढा धूर की शेजारचा मिंगेल
बादली घेऊन धावत आला,
आणि मग बादली हातात धरून
कौतुकाने उभा राहिला.
आल्झिराने खिडकी लावून घेतली.
थोड्या वेळाने उघडली.

सीटचं तेवढं राहिलंय, शाणू म्हणाला.
रुळांना गंज चढलाय, मागे जात नाही.
पुढेच अडकलीय, बाईमाणसाच्या मापाला.
उद्या सोडवतो.
मी बसून पाहिलं. पाय क्लचला पोचले.
वरचा आरसाही बरोबर माझ्या डोळ्यांशी,
फक्त पुसायला हवा होता.
राहू दे, म्हटलं.

'व्हर गो बाय,' आल्झिरा म्हणाली,
आणि छपरावरून हात फिरवला,
धूळ किती निघते ते बघावं तसा.

रासईच्या धक्क्यावर फेरीत चढवली.
फेरीवाल्याने हात केला: इंजिन बंद.
मी शाणूकडे पाहिलं.
शाणू झुआरीकडे.
बंद केली.

नदीला लागतात तेवढी मिनिटं
आम्ही दोघं गप्प.
बॉनेटखाली निवणारं लोखंड टिकटिकत होतं.
काटा चार हजार तीनशे बावीस.
दुर्भाटचा उतार जवळ आला, साखळी सुटली,
मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्न दिला,
पुन्हा दिला,
आणि मी चावीला हात घातला.